मंडळीची आपत्कालीन तयारी : पूर, आग, गर्दी आणि तणावाचे दिवस (नाशिक)

गव्हाचा_दाणा

नाशिक शहर आणि आसपासच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी (म्हणजे एकेका चर्चच्या उपासक समूहांसाठी) हा धागा काढतोय, मग त्या कुठल्याही पंथाच्या असोत. पावसाळ्याआधी आणि नाताळाआधी पंच कमिटीपुढे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे) ठेवता येईल असं काही कागदावर यावं, एवढाच हेतू आहे.

प्रार्थना आपण करतोच. पण उपासनेला अडीचशे माणसं बसली आहेत आणि मागून धूर आला, किंवा फाटकावर पन्नास जणांचा जमाव उभा राहिला, तर मेन स्विच कोण पाडणार, संडे स्कूलची मुलं कोण आणणार, ११२ ला फोन कोण लावणार? बहुतेक ठिकाणी ही नावं ठरलेली नसतात. मग दहा जण एकाच कामाला धावतात आणि तीन कामं तशीच राहतात.

माझ्या मते सहा कामं नावानिशी द्यावीत : दारं, वीज आणि गॅस, मुलं, म्हातारी-आजारी माणसं, प्रथमोपचार, फोन. प्रत्येक कामाला एक माणूस आणि एक बदली, कारण सुट्टीच्या रविवारी निम्मी माणसं गावाला गेलेली असतात. पाळकसाहेबांना किंवा फादरांना यातलं एकही काम देऊ नये. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे असतात, ते धावले की मंडळी धावते. त्यांनी जागेवर उभं राहून एक ठरलेलं वाक्य बोलायचं : "आपण आता शांतपणे, एकेका बेंचने बाहेर जाणार आहोत. पुढच्या ओळी बाजूच्या दाराने, मागच्या ओळी मोठ्या दाराने." हे वाक्य पुलपिटच्या (प्रवचनाच्या व्यासपीठाच्या) आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. ऐनवेळी शब्द सुचत नाहीत.

आणखी एक गोष्ट हमखास चुकते. मेन स्विच आधी पडला तर माईक बंद आणि संध्याकाळची उपासना असेल तर अंधारही. म्हणून आधी सूचना, मग वीज. माईकच्या टेबलाखाली सेलवर चालणारा मेगाफोन असावा आणि त्याचे सेल बाहेर काढून शेजारी ठेवावेत. आत ठेवलेले सेल वर्षभरात पाझरतात आणि स्प्रिंग गंजते.

लालगाडी

दारांपासून सुरुवात करू, बाकी सगळं त्यानंतर.

बेंच काढून दाटीवाटीने माणसं बसली की एका माणसाला साधारण ०.६५ चौरस मीटर जागा लागते. २० मीटर लांब, १० मीटर रुंद चर्चमध्ये अशी ३०० च्या वर माणसं मावतात. सपाटीवरच्या दारासाठी माणशी ६.५ मिलीमीटर रुंदी धरतात, म्हणजे ३०० माणसांना जवळपास २ मीटर मोकळी रुंदी हवी. आपल्या जुन्या चर्चचं मोठं दार तेवढं असतंही. पण ते दोन झडपांचं असतं आणि एक झडप वर-खाली टॉवर बोल्ट लावून कायम बंद. म्हणजे हातात राहतो १ मीटर. त्यातही चपलांचा ढीग आणि दानपेटीचं स्टूल. उपासना सुरू होण्याआधी दोन्ही झडपा उघडून हूकने भिंतीला अडकवणं हे दारवाल्याचं पहिलं काम. झडप आत उघडणारी असेल तर ते दुप्पट महत्त्वाचं, कारण गर्दी दाराला येऊन भिडली की आतली झडप कुणालाच ओढता येत नाही.

रुंदी पुरेशी असली तरी दुसरं दार हवंच. आग पहिल्या दाराशीच लागू शकते. वेदीमागच्या खोलीचं दार असतं, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली सेक्स्टनच्या (चर्चची देखभाल करणाऱ्याच्या) घरी. उपासनेच्या वेळात कुलूप नको, आतून कडी पुरे.

नाताळाबद्दल कळकळीने सांगतो. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात कोरडं गवत, कापूस, थर्माकोल, क्रेप कागद आणि त्यातून फिरवलेली लाइटची माळ असते. माळ गरम होत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आग सहसा माळेच्या छोट्या ॲडॉप्टरमधून किंवा वायर पिळून चिकटपट्टी लावलेल्या जोडातून निघते. ॲडॉप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड गवताबाहेर, उघड्या फरशीवर ठेवा. जोड असलेली माळ गवतात घालूच नका. मेणबत्त्या देखाव्यापासून किमान हातभर लांब, वाळूच्या ताटात. रात्री शेवटचा माणूस निघताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

अग्निशामक ६ किलोचा एबीसी पावडरचा घ्या. लाकूड, कापड, पेट्रोल-रॉकेल, वीज या सगळ्याला चालतो. एक मोठ्या दाराशी, एक वेदीजवळ, एक हॉलच्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. आत नको, कारण आग आतच लागणार. पिन काढा, दोन-तीन मीटरवर उभं राहा, ज्वाळेच्या बुडाशी मारा, डावी-उजवीकडे फिरवा. पावडर जेमतेम १५-२० सेकंद पुरते, म्हणून उभं राहताना पाठ दाराकडे असू द्या. महिन्यातून एकदा दाबाचा काटा हिरव्यात आहे का ते बघा. वर्षानुवर्षं न हललेल्या सिलिंडरमध्ये पावडर बसून घट्ट होते. काटा हिरवा दिसतो आणि ऐनवेळी नुसता वायू बाहेर येतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये तपासणी करून 'नमुना ब' (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) घ्यायचा असतो. ती तारीख कमिटीच्या वार्षिक वेळापत्रकातच घाला.

आणि जमायची जागा फाटकाजवळ ठरवू नका. अग्निशमनाची गाडी तिथूनच आत यायची असते.

वालदेवीकाठ

पुराबद्दल. नाशिकला गोदावरीच्या पुराचं गणित गंगापूर धरणाच्या विसर्गावर असतं. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही पुरांत रामकुंड, सराफ बाजाराकडची बाजू आणि पुढे सायखेडा, चांदोरीपर्यंत पाणी शिरलं. दुतोंड्या मारुतीच्या (रामकुंडाजवळच्या मूर्तीच्या) कुठपर्यंत पाणी आलं हे सगळं शहर बघतं, पण मंडळीने तेवढ्यावर राहू नये. नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी या छोट्या नद्या वेगळ्या पद्धतीने फुगतात. धरणातून थेंबही सोडलेला नसताना शहरात तीन तास जोराचा पाऊस झाला की नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी येतं. कुठली कुटुंबं गोदावरीकाठी आणि कुठली या छोट्या नद्या-नाल्यांकाठी, याच्या दोन वेगळ्या याद्या करा. पहिल्यांना विसर्गाच्या बातमीवरून सांगायचं, दुसऱ्यांना नुसत्या पावसावरून. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

हॉल निवाऱ्याला देणार असाल तर किती माणसं ठेवू शकतो हे आधीच ठरवा. लोक फरशी मोजतात. रात्रीच्या मुक्कामाला माणशी साडेतीन चौरस मीटर धरलं तर १४० चौरस मीटरच्या हॉलमध्ये ४० माणसं. पण खरी मर्यादा संडासांची असते : एका संडासाला २० माणसं. दोन संडास असतील तर ४० च, हॉल कितीही मोठा असो. ऐंशी जण घेतले की दुसऱ्या दिवशी सकाळी संडास तुंबतात आणि तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात.

पाण्याच्या टाकीत १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर). आधी बादलीत कालवून, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं. अर्ध्या तासानंतर ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते बघायची). पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाका. टीसीएलची पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातो, गेल्या वर्षीची पिशवी भरवशाची नाही.

१०० माणसांच्या एका वेळच्या खिचडीला ८ किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ, एक लिटर तेल. मीठ ३०० ग्रॅमपासून सुरू करून चव बघत वाढवा. पावसाळी दमट हवेत झाकून ठेवलेली खिचडी लवकर आंबते. चार तासांच्या पुढची वाढू नका. दोनदा छोटं पातेलं लावणं बरं.

आणि निवारा सगळ्यांना. नाव विचारा, गरज विचारा, धर्माचा रकाना ठेवू नका. निवाऱ्यातल्या माणसांना प्रार्थनेला बसायची सक्तीही नको आणि आग्रहही नको. उपासना चर्चमध्ये, निवारा हॉलमध्ये, इतकं स्वच्छ वेगळं ठेवा.

जुनी_नोंदवही

बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदवह्यांबद्दल कुणी बोललं नाही. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालची लग्नाची नोंदवही म्हणजे लोकांच्या पासपोर्टचा, वारसाहक्काचा पुरावा. नाशिकच्या मिशन काळातल्या वह्या तर दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या बहुतेक ठिकाणी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात असतात, कारण जड असतात. वरच्या खणात हलवा. आजच.

प्रत्येक पानाचा फोटो काढा, दोन पेनड्राइव्ह वेगवेगळ्या घरी ठेवा.

वही भिजलीच तर उन्हात पसरू नका, पानं सोडवू नका. ओली पानं ओढली की शाईचा थर समोरच्या पानाला चिकटून निघतो. ४८ तासांत बुरशी धरते, म्हणून घाई लागते ती वाळवण्याची नव्हे, गोठवण्याची. चिखल असेल तर वही बंद ठेवून, दाबून धरून, स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवा. मग बटरपेपरमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, कणा खाली करून, डीप फ्रीजरमध्ये उभी ठेवा. आइस्क्रीमवाल्या दुकानाचा फ्रीजर चालतो, आधी बोलून ठेवा. गोठलेली वही महिनाभरही थांबते. तेवढ्यात अभिलेखागारातल्या जाणकाराला गाठता येतं.

कागदपत्र

आता तणावाच्या दिवसांबद्दल. पुराची तयारी उत्साहाने होते, या विषयावर मात्र कमिटी गप्प बसते.

आधीची तयारी अशी. पोलीस ठाण्यात सणांआधी शांतता समितीची बैठक होते, तिथे मंडळीचा एक कायमचा माणूस जाऊ द्या. बीट अंमलदार (आपल्या भागाचा पोलीस) आणि गोपनीयचे (माहिती गोळा करणाऱ्या शाखेचे) अंमलदार यांचे नंबर त्या माणसाकडे आणि त्याच्या बदलीकडे. वर्षाचं वेळापत्रक (शुभ शुक्रवारची मिरवणूक, कॅरलच्या रात्री, उपवास-प्रार्थना) एका पानावर ठाण्याला देऊन पोच घ्या. लाउडस्पीकरची परवानगी लेखी हातात ठेवा. जमावबंदी लागू असेल, मग ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असो वा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ खाली, तर आदेशाची प्रत मिळवून नीट वाचा. कधी मिरवणुकीला बंदी असते आणि आतल्या उपासनेला नसते. ऐकीव माहितीवर चर्च बंदही ठेवू नका आणि उघडूही नका.

जमाव आलाच तर बोलणारा माणूस एकच. तो फाटकाशी, हात दिसतील असे, आवाज खाली. वाद धर्मावर जाऊ द्यायचा नाही. "पोलिसांना बोलावलंय, त्यांच्यासमोर बोलू", एवढंच. दुसरा आत फोनवर : ११२ ला आधी ठिकाणाची खूण, मग किती माणसं, मग आत मुलं किती. तिसरा एकाच जागेवरून, न हलता चित्रीकरण करतो, लाइव्ह जात नाही. तरुण संघाच्या मुलांना फाटकावर पाठवायचं नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगितलेलं असलं पाहिजे.

उपासनेत अडथळा आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३००, उपासनास्थळाची नासधूस किंवा विटंबना २९८, दफनभूमीत घुसून विटंबना ३०१. ठाण्याची हद्द कुठली हा वाद घालायची गरज नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात नोंद होते आणि प्रत मोफत मिळते. नोंद नाकारली तर १७३(४) खाली पोलीस आयुक्तांना (ग्रामीणला अधीक्षकांना) टपालाने लेखी, आणि तरीही नाही तर दंडाधिकारी. तक्रारीत विशेषणं नकोत. वेळ, माणसं, शब्द, नुकसान.

देवळाली_कॅम्प

सीसीटीव्हीचं यात जोडतो. एच २६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) वर २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने दिवसाला साधारण २२ जीबी खातो. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी. १ टीबीची डिस्क ११ दिवसांत स्वतःवरच लिहायला लागते. बाराव्या दिवशी पोलिसांनी फुटेज मागितलं तर गेलेलं असतं. म्हणून घटना घडली त्याच दिवशी कॉपी काढा, हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) काढून कागदावर लिहा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात हॅश लागतो : भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याने, भाग ब तज्ज्ञाने भरायचा. डीव्हीआरचं (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंग यंत्राचं) घड्याळ दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे असतं, ते महिन्याला जुळवा, नाहीतर वेळेवरूनच उलटतपासणी होते. आणि डीव्हीआर दाराजवळच्या टेबलावर नको. तोडफोड करणारे पहिल्यांदा तोच उचलतात.

इन्व्हर्टर : १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास, हाताशी साधारण ११००. दहा एलईडी, राउटर आणि फोन चार्जिंग मिळून १५० वॉट, म्हणजे सात तास. त्यावर ॲम्प्लिफायर लावला की दोन तासांत सगळं संपतं. ॲम्प्लिफायरचा प्लग वेगळ्या लाइनवर घ्या.

गव्हाचा_दाणा

@वालदेवीकाठ, दोन याद्यांचं पटलं. कुटुंबांची नावं, पत्ते, घरात एकटं कोण, डायलिसिसवर कोण अशी पूर्ण यादी पीडीएफ करून ग्रुपवर टाकायचा विचार होता.

कागदपत्र

ग्रुपवर अजिबात टाकू नका. पुरात जी यादी माणूस वाचवते तीच तणावात घर दाखवते. ग्रुपवर टाकलेली फाइल परत घेता येत नाही.

सिस्टर_नाईटड्यूटी

पण यादीच नसेल तर रात्री दोन वाजता ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरच्या आजींकडे कोण जाणार? वीज गेली की त्यांच्याकडे वेळ थोडा असतो. यादी टाळून चालणार नाही.

कागदपत्र

यादी कराच, पण कागदावर. गल्लीनिहाय तुकडे. पाच कुटुंबांमागे एक माणूस, त्याच्याकडे फक्त त्या पाचांची माहिती. पूर्ण यादी दोन सीलबंद पाकिटांत, दोन वेगळ्या घरी. नेट बंद झालं तरी हे चालतं, कारण साधा फोन आणि पायी जाणं एवढंच लागतं. शंभर कुटुंबांना वीस माणसं. बाहेरच्या टोकाकडून "निरोप पोचला" असं उलट यायला हवं, नाहीतर साखळी मध्येच कुठे तुटली ते कळत नाही.

सिस्टर_नाईटड्यूटी

हे मान्य.

माझ्याकडचं. २०० माणसांच्या मंडळीला पेटी : १० सेंटीमीटरचे गॉज पॅड २०, क्रेप बँडेज १०, त्रिकोणी पट्ट्या ५, हातमोज्यांचा एक डबा, सलाइनच्या दोन बाटल्या, ओआरएसची २० पाकिटं, कात्री, पॉकेट मास्क (तोंडाने श्वास देताना वापरायचा), मार्कर पेन. पेटीला कुलूप नको. वर्षातून दोनदा उघडा. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेले हातमोजे चिकटून फाटतात.

रक्त वाहत असेल तर पॅड ठेवून तळहाताने सलग दहा मिनिटं दाबायचं. सगळे मध्येच उचलून बघतात, तिथे जमलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून. पॅड भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा. हातापायातून उसळून रक्त येत असेल आणि दाबून थांबत नसेल तर जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, आवळपट्टी (टूर्निके) बांधा. वेळ मार्करने कपाळावर लिहायची.

दगड डोक्याला लागलेला माणूस चालता-बोलता असतो आणि घरी जायची घाई करतो. उलटी, झोपाळूपणा, एक बाहुली मोठी, बोलताना अडखळणं, यातलं काहीही दिसलं की १०८. अश्रुधुरात डोळे चोळायचे नाहीत, वाऱ्याच्या उलट दिशेला जाऊन साध्या पाण्याने पाच-दहा मिनिटं धुवायचे, वरचे कपडे काढून बाजूला.

कुणी कोसळलं, हाक मारून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांनी माणूस बदला, थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही.

पंचवटीकर

मी चर्चचा नाही, पण मोहल्ला समिती आणि गणेश मंडळांच्या गर्दीचं काम माहितीचं आहे, म्हणून लिहितो.

शेजारी आधीपासून ओळखीचे असावेत. चर्चच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या चार घरांकडे, समोरच्या दुकानदाराकडे आणि जवळच्या मंडळाच्या अध्यक्षाकडे तुमच्या माणसाचा नंबर हवा. बाहेरून येणाऱ्या जमावाला गल्लीतला माणूस जेवढं थोपवतो तेवढं कुणी थोपवत नाही. आणि त्याला आत काय चालतं हे माहीत नसेल तर तो बोलणार काय? वर्षातून एकदा हॉलमध्ये चहाला बोलवा. रक्तदान शिबिर असेल तर उत्तम.

अफवेबद्दल. ग्रुपवर तणावाच्या दिवशी "फक्त ॲडमिन" सेटिंग करा आणि दर दोन तासांनी एक निरोप टाका, काही घडलं नसेल तरी : "सायंकाळी ६. परिसर शांत. उद्याची उपासना ठरल्याप्रमाणे." निरोप नसला की लोक ती जागा फॉरवर्डने भरतात. जुना व्हिडिओ नव्या तारखेने फिरतो, तो खोटा आहे हे सांगायलाही पुन्हा टाकू नका.

गर्दी : एका चौरस मीटरमध्ये चार माणसं झाली की आत सोडणं थांबवा. फेब्रुवारीतल्या बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला जाणाऱ्या मंडळ्यांनी आणि पुढच्या सिंहस्थात वाहतूक बंदच्या दिवशी उपासना ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी अरुंद रस्त्यातच झाली होती. आत जाणारे आणि बाहेर येणारे एकाच वाटेवर समोरासमोर आणू नका.

लालगाडी

तणावात दार बंद करायचं म्हणून काही जण बाहेरून कुलूप लावतात किंवा आतून बेंच लावतात. जमाव बाहेर असताना आत आग लागली तर तोच सापळा होतो. कडी लावा, कडीपाशी माणूस उभा करा, मागचं दार मोकळं ठेवा.

गव्हाचा_दाणा

सगळं घेतलं. सरावाची सूचना अशी लिहिली आहे, काही चुकत असेल तर सांगा :

"येत्या रविवारी आशीर्वचनानंतर सराव आहे. बेल वाजली की पाळकसाहेब सूचना देतील. सामान, चपला जागेवर ठेवा. फोन खिशात ठेवा. मुलांना आणायला वर्गाकडे जाऊ नका. शिक्षक हजेरीसह मुलं मैदानात आणतील आणि नोंदीतल्या पालकाच्याच हाती देतील. आजी-आजोबांनी आणि ज्यांना चालायला त्रास आहे त्यांनी बसून राहावं, तुमच्या बेंचशी नेमलेली दोन माणसं येतील. शेवटचा माणूस बाहेर आल्याची वेळ लिहून घेतली जाईल."

सिस्टर_नाईटड्यूटी

"चपला जागेवर" काढा. फुटलेल्या काचांवर अनवाणी पळायची सवय नको. पावसाळा सोडून चपला बेंचखाली ठेवू द्या, दाराशी नको. लालगाडींचा ढिगाचा प्रश्नही मिटेल.

गव्हाचा_दाणा

बदललं : "चपला आपापल्या बेंचखाली ठेवा, घालून बाहेर या."